रेघांचा बँड, हाडामांसाचे गळे

रद्दीची दुकानं, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्या आणि स्टेशनवरचे स्टॉल यांच्या कृपेनं आर्चीची कॉमिक्स पुण्यात कॅम्पापासून पेठांपर्यंत घरोघर फिरली. पानं सुटलेली, मुखपृष्ठाला चिकटपट्टी लावलेली, पण वाचणाऱ्यांची रांग कायम! लाल केसांचा आर्ची, खादाड जगहेड, भोळी बेटी आणि नखरेल व्हेरॉनिका ही मंडळी सगळ्यांच्या ओळखीची. पण याच टोळीचा टीव्हीवर एक बँड होता आणि त्याचं एक गाणं सगळ्या जगानं डोक्यावर घेतलं, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, ती गाणी नेमकं गात कोण होतं? चित्राला गळा नसतो. तो कुणीतरी उसना द्यावा लागतो. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नकोच. तर ऐका, कार्टूनमधल्या बँडच्या आणि त्यामागच्या खऱ्या गळ्यांच्या या गमतीजमती. काही सातासमुद्रापलीकडच्या, काही अगदी लॉ कॉलेज रोडवरच्या.

१. भांडणार नाही असा बँड!
अमेरिकेत १९६६ साली ‘द मंकीज’ नावाची मालिका आली. त्यातले चार तरुण चाचणी घेऊन निवडलेले. त्यांच्या गाण्यांचा कारभार डॉन कर्शनर या संगीत-व्यावसायिकाकडे होता. मंकीज लोकप्रिय झाले आणि आमची गाणी आम्हीच वाजवणार म्हणून हटून बसले. वाद इतका पेटला की १९६७ साली कर्शनरलाच बाहेर पडावं लागलं. पुढच्याच वर्षी त्याच्या हाती आला तो कागदावरचा बँड, म्हणजे आर्चीज. ही पोरं पगारवाढ मागत नव्हती, रुसत नव्हती आणि तालमीला उशिरा येत नव्हती.

२. पाच जण आणि एक कुत्रा
‘द आर्ची शो’ १४ सप्टेंबर १९६८ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर सुरू झाला. शनिवारी सकाळची मुलांची वेळ, निर्मिती फिल्मेशन स्टुडिओची आणि भाग फक्त १७. आर्ची गिटारवर, रेजी बासवर, जगहेड ड्रम्सवर, व्हेरॉनिका ऑर्गनवर आणि बेटीच्या हातात खंजिरी. शिवाय हॉट डॉग नावाचा झिपरा कुत्रा. दर भागात गोष्टीसोबत एक गाणं आणि एक नाच असायचा. गाण्यासाठी मालिका की मालिकेसाठी गाणं, असा प्रश्न पडावा इतकी दोघांची सांगड घट्ट होती.

३. दोघींचं भांडण, आवाज एकीचाच
आर्ची कुणाचा, यावर बेटी आणि व्हेरॉनिका यांचं भांडण जन्मभर चाललं. मालिकेत मात्र दोघींचे संवाद जेन वेब ही एकच अभिनेत्री बोलायची. एकीचा साधा, मोकळा सूर आणि दुसरीचा श्रीमंती ठसका, दोन्ही एकाच गळ्यातून. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकटीनं उभं राहून स्वतःशीच कचाकचा भांडायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

४. चंद्रावर माणूस गेला त्या वर्षीचं पहिल्या नंबरचं गाणं
१९६९ साल! माणूस चंद्रावर उतरला, वुडस्टॉकच्या चिखलात लाखोंचा संगीत मेळावा भरला, बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स जोरात होते. आणि बिलबोर्डच्या वार्षिक यादीत अव्वल ठरलं ते आर्चीजचं ‘शुगर, शुगर’. सप्टेंबरमध्ये त्यानं रोलिंग स्टोन्सना खाली ढकललं आणि ४ आठवडे पहिला नंबर सोडला नाही. ब्रिटनमध्ये तर तो मुक्काम ८ आठवड्यांचा झाला. जेफ बॅरी आणि अँडी किम या जोडीनं ते लिहिलं. मुख्य आवाज रॉन डान्टे या तरुणाचा आणि बायकी आवाज टोनी वाइनचा. तबकडीवर मात्र नाव एकच, ‘द आर्चीज’.

५. नाव झाका आणि वाजवा
हे गाणं आधी रेडिओवाले वाजवायलाच तयार नव्हते. कार्टूनचं गाणं मोठ्यांच्या कार्यक्रमात कसं लावायचं? मग एक शक्कल निघाली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या रेडिओ केंद्राला ती तबकडी बँडचं नाव न सांगता ऐकवली, अशी हकीकत सांगतात. आवाज आवडला, गाणं वाजलं आणि फोन खणखणू लागले. नाव कळलं तेव्हा उशीर झाला होता, कारण तोवर गाणं लोकांच्या ओठांवर बसलं होतं. गळ्यात दम असेल तर नाव झाकूनही चालतं, याचा हा सणसणीत पुरावा.

६. न्याहारीच्या खोक्यावरची तबकडी
आर्चीजची गाणी मुलांना आणखी एका वाटेनं मिळायची. सकाळी दुधात घालून खायच्या सीरियलच्या खोक्यावर मागच्या बाजूला चक्क तबकडी छापलेली असे! पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा पातळ थर आणि त्यावर कोरलेल्या आवाजाच्या रेषा. खोकं रिकामं झालं की कात्रीनं तो गोल कापायचा, मधे भोक पाडायचं आणि रेकॉर्ड प्लेअरवर चढवायचा. सुई टेकली की आधी खरखर आणि मग आर्चीची टोळी गायला लागायची. आवाज बेताचा, पण मुलांच्या आनंदाला मोजमाप नव्हतं. अर्थात, पुढचं गाणं हवं तर आधी खोकं संपवायला हवं!

७. रॉन डान्टेची टक्कर रॉन डान्टेशीच
आर्चीज गाजत असतानाच ‘कफ लिंक्स’ या बँडचं ‘ट्रेसी’ हे गाणं लोकप्रियतेच्या यादीत वर चढत होतं. दोन वेगळे बँड, दोन वेगळ्या तबकड्या आणि दोन्हींत गळा एकाच माणसाचा. रॉन डान्टेच! त्यानं आपलेच सूर एकावर एक मुद्रित करून अख्खा बँड उभा केला होता. म्हणजे १९६९ च्या शरदात हा पठ्ठ्या अमेरिकेच्या पहिल्या दहात दोन ठिकाणी होता आणि रस्त्यावर त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. पुढे बॅरी मॅनिलोच्या तबकड्यांचा निर्माता म्हणून त्यानं मोठं काम केलं.

८. आपली ‘कामिनी’
पात्राच्या नावावर गाणं विकायची रीत अमेरिकेनं काढली असं कुणाला वाटत असेल, तर १९४९ चा ‘महल’ आठवा. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातलं त्यातलं ते गूढ गाणं घराघरात पोचलं, पण तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे मधुबालानं रंगवलेल्या पात्राचं! ही कामिनी कोण, असं विचारणारी पत्रं रेडिओकडे येऊ लागली आणि मग लता मंगेशकर हे नाव उजेडात आलं. पुढे लताबाईंनी गायकांच्या नावासाठी आणि हक्कासाठी हिंदी चित्रसृष्टीशी भांडण मांडलं. रॉन डान्टेला त्याची ओळख मिळायला बराच काळ थांबावं लागलं. या बाबतीत आपण वीस वर्षं पुढे होतो, आणि ते एका मराठी बाईच्या कणखरपणामुळे.

९. मान हलते, धड हलत नाही
जुनी टीव्ही-कार्टून नीट निरखून बघा. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी नवं चित्र काढायचं तर पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे. म्हणून धड एकाच पारदर्शक तावावर काढून ठेवायचं आणि वर फक्त ओठांचे, पापण्यांचे ताव बदलायचे. फिल्मेशनवाले यात वाकबगार. जगहेडचा हात ड्रमवर पडतो, उठतो, पुन्हा पडतो. तीच चार-सहा चित्रं फिरून फिरून येतात. या गाण्यातली आर्चीची गिटार त्या गाण्यातही तशीच, त्याच कोनात हलते. ही काटकसर गाण्याच्या पथ्यावर पडली. ठेकाही फिरून तोच येत असल्यानं डोळ्यांना खटकत नाही. उलट हातांची ती आवर्तनं तालात बसून जातात.

१०. मांजरीचे कान लावलेल्या तिघी
आर्चीच्याच कॉमिक्स कंपनीतली जोसी १२ सप्टेंबर १९७० रोजी टीव्हीवर आली ती ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’ या तीन मुलींच्या बँडसह. निर्मिती हॅना-बार्बेराची आणि भाग १६. चित्रकार डॅन डीकार्लो यांनी जोसी हे नाव आपल्या पत्नीचंच दिलं होतं, आणि मांजरीच्या पोशाखाची कल्पनाही तिनं घातलेल्या एका पोशाखावरूनच सुचली. यातल्या मेलडी या पात्रासाठी गाणारी मुलगी म्हणजे पुढे ‘चार्लीज एंजल्स’मुळे नावारूपाला आलेली शेरिल लॅड.

११. व्हॅलेरीसाठी अडून बसलेला निर्माता
याच बँडमधली व्हॅलेरी ही शनिवार सकाळच्या कार्टूनमधली पहिली कृष्णवर्णीय नायिका मानली जाते. तिच्यासाठी पॅट्रिस हॉलोवे या कृष्णवर्णीय गायिकेची निवड झाली, तेव्हा स्टुडिओला तिघीही गोऱ्या हव्या होत्या. संगीत-निर्माता डॅनी जॅन्सन अडून बसला. हॉलोवे नसेल तर मीही नाही, असं त्यानं ठणकावलं. अखेर स्टुडिओ नमला. आज ती मालिका पाहताना व्हॅलेरी ठसठशीत उठून दिसते ती या हट्टापायी. चित्रातला रंग ठरवायलासुद्धा खऱ्या माणसांना भांडावं लागलं.

१२. बीटल्स, पण आवाज दुसऱ्यांचे
२५ सप्टेंबर १९६५ पासून अमेरिकेत बीटल्सची कार्टून मालिका लागू लागली. हयात माणसांवर दर आठवड्याला येणारी ती पहिली कार्टून मालिका मानली जाते. गाणी खुद्द बीटल्सची, पण संवाद भलत्यांचेच! जॉन आणि जॉर्ज यांच्यासाठी पॉल फ्रीस, तर पॉल आणि रिंगो यांच्यासाठी लान्स पर्सिव्हल बोलत. आणि गंमत बघा, अमेरिकेतली पोरं कागदी जॉर्ज हॅरिसन बघत होती त्याच काळात, जानेवारी १९६८ मध्ये, खरा जॉर्ज मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत मुद्रित करत होता. त्याच्यासाठी संतूर वाजवणारे होते शिवकुमार शर्मा!

१३. खारीचा आवाज काढायची कृती
‘अल्विन अँड द चिपमंक्स’ या खारींच्या त्रिकुटाचं गुपित होतं टेपरेकॉर्डरमध्ये. रॉस बॅगडसेरियन या गायकानं टेपचा वेग निम्मा केला, त्यावर संथ लयीत, शब्द ताणून, प्रत्येक अक्षर ठसठशीत उच्चारून गायलं आणि मग टेप दुप्पट वेगानं म्हणजे नेहमीच्या गतीनं वाजवली. लय जागेवर आली आणि सूर अख्खं सप्तक वर चढला. असं तीनदा केलं की तीन खारी तयार! १९५८ च्या नाताळात या खारींचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि १९६१ साली खारी टीव्हीवर आल्या. अल्विन, सायमन आणि थिओडोर ही नावंही खरीच. ती तबकडी काढणाऱ्या लिबर्टी कंपनीतल्या मंडळींची!

१४. पुण्याचा ‘जंबूकाका’
आता आपल्या गावात येऊ. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली आणि वर्षभरात तिथे एक छोटा कार्टूनपट तयार झाला, ‘जंबूकाका’. करणारे होते रघुनाथ केळकर. साल १९३४! भारतातल्या अगदी सुरुवातीच्या कार्टूनपटांत त्याची गणना होते. ज्या आवारात तो घडला तिथेच १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे आणि हाकेच्या अंतरावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ यांचं नाव निघतं, तेव्हा या ‘जंबूकाका’चंही नाव पुणेकरांनी अभिमानानं घ्यायला हवं.

१५. प्रभातचा पोरगा आणि चिमण्यांचं गाणं
त्याच प्रभातमध्ये पडेल ते काम करत एक पोरगा संगीत शिकला. सिंधुदुर्गातल्या सोनवड्याचा वसंत देसाई. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या चित्रपटांतल्या प्रार्थनांना त्यांनी दिलेल्या चाली देशभरातल्या शाळांत गायल्या गेल्या. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजननं काढलेल्या ‘एक अनेक और एकता’ या छोट्या कार्टूनपटालाही संगीत त्यांचंच. संकल्पना आणि दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची. पारध्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीरमामा जाळं कुरतडतो, एवढीच गोष्ट. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधे ती लागली की पोरं हातातलं काम टाकून धावत यायची.

१६. ती चिमुकली कोण?
‘एक अनेक’मधला तो गोड, किंचित बोबडा बालआवाज कुणाचा, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. दाभोळची साधना घाणेकर, म्हणजेच आपली साधना सरगम! तेव्हा ती नुकती कुठे शाळेत जायच्या वयाची. पुढे हिंदी-मराठीत तिनं शेकड्यांनी गाणी गायली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, पण लाखो भारतीयांनी तिला सर्वांत आधी ऐकलं ते एका रेखाटलेल्या पोराच्या तोंडून. आर्चीला रॉन डान्टे, तर आपल्या पाखरांना साधना!

१७. जपानी वाघ, मुरुडचा गळा
१९९३ च्या रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारं ‘जंगल बुक’ मुळात जपानी होतं. निप्पॉन अ‍ॅनिमेशननं केलेले ५२ भाग. शीर्षकगीत मात्र अस्सल भारतीय. शब्द गुलजारांचे आणि चाल तेव्हा नवख्या असलेल्या विशाल भारद्वाज यांची. आणि शेरखानची ती अंगावर काटा आणणारी गुरगुर? मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांची! आवाज ऐकूनच पोरं उशीमागे दडायची. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आलं, हॅना-बार्बेराचा अख्खा खजिना घरात आला आणि रविवारची वाट पाहणं संपलं.

१८. पाचगणीतलं खरं रिव्हरडेल
शाळेतल्या मित्रांनी बँड काढावा, पोरी टाळ्या पिटाव्यात, ही आर्चीच्या रिव्हरडेल गावातली गोष्ट पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर खरी घडली होती. तीही आर्ची टीव्हीवर यायच्या दहा वर्षं आधी! पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच पोरांनी ‘द हेक्टिक्स’ काढला. पियानोवर होता फारूख बलसारा, म्हणजे पुढे जग जिंकणारा ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी. गाण्यात पुढे असायचा ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रांच (हा पुढे अभिनेता झाला). ड्रम्सवरचा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापतीही. आणि चहाच्या खोक्याला दोरी ताणून केलेल्या बासवर होता फरांग इराणी, ज्यानं पुढे पुण्यात खवय्यांना चरचरीत सिझलर खाऊ घातले. लेखकानं रचूनही याहून रंगतदार टोळी जमवता आली नसती.

१९. आर्ची परत आला, सोबत शंकर महादेवन
डिसेंबर २०२३ मध्ये झोया अख्तर यांचा ‘द आर्चीज’ नेटफ्लिक्सवर आला. रिव्हरडेल उचलून थेट भारतातल्या थंड हवेच्या गावात आणलं, काळ १९६४ चा आणि माणसं अँग्लो-इंडियन. संगीतात शंकर-एहसान-लॉय. त्यातल्या शंकर महादेवन यांना मराठी घरांनी ‘कट्यार काळजात घुसली’मुळे केव्हाच आपलं मानलं आहे. रद्दीच्या दुकानातून आर्ची आणणारे आता आजी-आजोबा झालेत. नातवंडांसोबत हा चित्रपट बघताना कोण जगहेड आणि कोण रेजी, हे सांगायचा मान त्यांचाच!

२०. आणि आता नावं पाटीवर
२०२५ साली ‘के-पॉप डीमन हंटर्स’ या कार्टूनपटातल्या तीन मुलींच्या बँडचं ‘गोल्डन’ हे गाणं बिलबोर्डच्या पहिल्या नंबरवर पोचलं. पण या वेळी एक महत्त्वाचा फरक होता. चित्रातल्या बँडच्या नावाला लागूनच गाणाऱ्यांची नावं होती, इजे, ऑड्री नूना आणि रे आमी. तिघी मुलाखतींत दिसल्या, व्यासपीठावर गायल्या आणि चाहत्यांनी त्यांना नावानं हाका मारल्या. रॉन डान्टेला जे १९६९ साली मिळालं नाही, ते या मुलींना पहिल्या दिवसापासून मिळालं.

जुन्या कार्टूनची आठवण काढणं हा निव्वळ लहानपणचा हळवेपणा नाही. त्यात एक देणंही आहे. चित्रं आपल्याला पाठ असतात, चालीही पाठ असतात, पण गळे विसरले जातात. म्हणून घरातल्या पोरांना ‘एक अनेक’ लावून द्याल तेव्हा त्यांना एवढं जरूर सांगा, की हे संगीत प्रभातमध्ये घडलेल्या वसंत देसाईंचं आहे, ही कल्पना विजयाबाईंची आहे आणि हा आवाज दाभोळच्या साधनाचा आहे. पोरं नावं लक्षात ठेवतात. सांगणारं कुणीतरी हवं!